आम्ही म्हणजे कोण

३ मार्च, मंगळवार

ही डायरी चिमटे-कात्र्या पुरवणाऱ्या कंपनीने हॉस्पिटलातल्या आमच्या विभागात सगळ्यांना फुकट वाटली. मी ती वाणसामानाच्या याद्या करायला घरी आणली होती. आज रागाने उघडली. ज्याच्याजवळ कुरकुर करायची तो आता नाही, आणि जिच्याबद्दल करायची ती शेजारच्या खोलीत आहे. मग राहिली डायरी.

दुपारी नणंदेचा, ताईंचा फोन आला. "वहिनी, आईला आता माझ्याकडे पाठव. बाबू गेल्यापासून चौदा महिने तू केलंस, पुष्कळ झालं. तुलाही तुझं आयुष्य आहे." बाबू म्हणजे माझा नवरा. सासूबाई आणि ताई त्याला बाबूच म्हणायच्या. विमानाचं तिकीट अठ्ठावीस तारखेचं, काढूनही झालंय. आधी तिकीट, मग विचारणं!

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? आई त्यांची आहे.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "अठ्ठावीसला शनिवार येतो ना?" एवढंच विचारलं. म्हणजे जायचंच आहे त्यांना. माझी काही ना नाही. मग बाथरूममध्ये गेल्या आणि वीस मिनिटं नळ चालू. पाण्याची काय ती नासाडी. किती वेळा सांगितलं, तोंड धुवायला एवढं पाणी लागत नाही.

५ मार्च, गुरुवार

सकाळची शिफ्ट. हाडांच्या शस्त्रक्रियेचा ट्रे परत आला, त्यात एक चिमटा कमी. आमच्याकडे नियम असा की प्रत्येक ट्रेबरोबर यादी असते, एकीने मोठ्याने मोजायचं, दुसरीने ऐकून खूण करायची, मग दोघींची सही. एक वस्तू कमी असली तरी अख्खा ट्रे अडकतो. चिमटा शेवटी चादरीत सापडला.

घरी आले तर सासूबाईंनी बटाटे सोलून ठेवलेले. मी म्हटलं, सालीसकट केले असते. त्या म्हणाल्या, "आमच्यात साल काढतात."

लग्नाला सोळा वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून हे "आमच्यात" ऐकतेय. आमच्यात जेवणाआधी प्रार्थना होते. आमच्यात रविवारी कपडे धूत नाहीत. तिथपर्यंत ठीक, तो धर्म झाला. पण बटाटा? बटाट्याच्या सालीबद्दल पवित्र शास्त्रात काही असेल असं मला वाटत नाही. सासूबाईंनी रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं मुलांना शिकवलंय, त्यामुळे मी पैज लावत नाही.

मी त्यांच्या धर्मातली नाही. आमचं लग्न कचेरीत सही करून झालं. माझ्या घरच्यांनी माझं नाव टाकलं, त्याच्या आईने "आमच्यात" म्हटलं, आणि मधल्या जागेत आम्ही दोघं सुखाने राहिलो. मूलबाळ झालं नाही. आता त्या मधल्या जागेत मी एकटीच. अठ्ठावीसनंतर सगळं घर माझं. बटाटे सालीसकट.

८ मार्च, रविवार

सासूबाईंना उपासनेला सोडलं आणि नेहमीप्रमाणे गाडीत बसले. आधी हे काम त्याचं होतं. तो आत जायचा, मी घरी झोपायचे. तो गेल्यापासून मी सोडते, आणि दीड तास गाडीत शब्दकोडं सोडवते. थर्मासात चहा असतो. काचा वर केल्या की बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि आतलंही बाहेर जात नाही. समोरून ऊन येतं, त्याने डोळ्यांना पाणी येतं. त्याचा काळा चष्मा अजून कप्प्यात आहे, पण तो मला मोठा होतो.

बाहेर येताना सासूबाईंनी एक फॉर्म आणला. एकवीस तारखेला मोठी सभा आहे, निरनिराळ्या देशांतून इथे येऊन राहिलेल्या सगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांची मिळून, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये. नऊ हजार माणसं येणार. बोलणं इंग्रजीत, पण ज्याला हवी त्याला कानात त्याची भाषा. सासूबाईंना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. फॉर्म मीच भरला. भाषेच्या चौकटीत "मराठी" लिहिलं. जायच्या आधी एकदा जाऊन येतील बिचाऱ्या.

१० मार्च, मंगळवार

संयोजक बाईंचा फोन. मराठीसाठी आठ नावं आलीत, पण भाषांतर करणारं कोणी नाही. तुम्ही फॉर्म इंग्रजीत भरलाय, तुम्ही कराल का?

मी म्हटलं, मी तुमच्या धर्माची नाही. त्या म्हणाल्या, माइकला कळत नाही. बाई मला आवडल्या.

मी म्हटलं, मी दिवसभर कात्र्या मोजते, मला भाषण करता येत नाही. त्या म्हणाल्या, भाषण आमचा माणूस करेल, कागद आधी पाठवू, तुम्ही फक्त मराठीत सांगा. नाहीतर आठ जणांना दिवसभर नुसतं बसून राहावं लागेल.

माझं तोंड माझ्या ताब्यात नसतं. "हो" म्हणून बसले. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? देवबापाचं बोलणं तू सांगणार?" मी म्हटलं, मग तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, "कागद आले की मला दाखव. आमच्यात वाटेल ते शब्द चालत नाहीत."

१२ मार्च, गुरुवार

कागद आले. चार वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. पहिलीच पापांगीकाराची, म्हणजे पाप कबूल करायची प्रार्थना. मी सरळ लिहिलं होतं: "तुम्ही पाप केलं आहे."

सासूबाईंनी चष्मा खाली केला. "कोण तुम्ही?"

"तुम्ही लोक. तिथे बसलेले."

"आणि तू कुठे असशील?"

"मी काचेच्या खोलीत."

सासूबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. बाबू गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण मीही हसले. त्यांचं हसणं बाबूसारखं आहे. त्याचंही असंच होतं, आधी खांदे हलायचे.

मी खोडून लिहिलं: "आपण पाप केलं आहे."

"अगं बाई! हे तू देवाशी बोलतेयस. 'आपण' म्हटलंस की तोही आला त्यात. त्याने काय केलंय बिचाऱ्याने?"

मग शिकवणी झाली. 'आपण' म्हणजे ज्याच्याशी बोलतो त्याला धरून. 'आम्ही' म्हणजे त्याला वगळून. इंग्रजीवाल्यांचं बरं आहे, एकाच 'वी'त सगळ्यांना कोंबलंय. म्हणून भाषण करणारा लोकांशी बोलत असेल तर 'आपण', देवाशी बोलायला लागला की 'आम्ही'.

"तो कधी कुणाशी बोलतोय ते मला कसं कळणार?"

"सोपं आहे. त्याने डोळे मिटले की 'आम्ही'. उघडले की 'आपण'."

चाळीस वर्षं मुलांना उगाच नाही शिकवलं. वगळणं म्हणजे काय ते मात्र मला शिकवायची गरज नव्हती, सोळा वर्षं त्याचाच अभ्यास चाललाय. हे मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "चहा घेणार?"

१५ मार्च, रविवार

सरावाची नवी पद्धत. सासूबाई त्यांच्या खोलीत दार लावून फोन कानाला धरून बसतात, मी स्वयंपाकघरातून फोन करून कागद वाचते. हेडफोनमध्ये कसं ऐकू येईल ते कळावं म्हणून. "हळू. तू सगळ्यांवर खेकसतेयस असं वाटतं." "'भगवान' नको, 'प्रभू' म्हण." "देवाला अहो-जाहो करू नकोस, तो आपला आहे, 'तू'च म्हण." एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून आम्ही तासभर बोललो. समोरासमोर आठवड्यात इतकं बोलत नाही.

त्यांच्या खोलीत गेले तर बॅग जमिनीवर उघडी. चार दिवसांपूर्वी तिच्यात निळं स्वेटर होतं, आज तेही नाही. मी म्हटलं, भरायला मदत करू का? "घाई काय आहे," म्हणाल्या. तेरा दिवस राहिलेत. ह्या वयात आळस येतोच.

टेबलावर चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी दिसली. नव्या चष्म्यासाठी डोळे तपासायची वेळ घेतलीय, बारा मे. मी म्हटलं, आई, मेमध्ये तुम्ही ताईंकडे असाल. "हो गं, विसरलेच," म्हणाल्या. चिठ्ठी मात्र फाडली नाही, पुस्तकात ठेवली.

विसराळूपणा वाढलाय. ताईंना सांगायला हवं.

१८ मार्च, बुधवार

माझंही डोकं ठिकाणावर नाही. येताना बसच्या कचेरीत माझा पास करायला गेले आणि सवयीने सासूबाईंचाही केला. वर्षभराचा. खिडकीतल्या माणसाने दोनदा विचारलं, वर्षाचा ना? मी दोनदा हो म्हटलं. घरी आल्यावर लक्षात आलं. आता तो फ्रिजवर लावून ठेवलाय. फेकून कसा देणार?

सासूबाईंनी पाहिला. नंतर नळ. पंचवीस मिनिटं.

२१ मार्च, शनिवार

आल्यावर चहासुद्धा घेतला नाही, आधी लिहायला बसले. क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

हॉल म्हणजे विमान ठेवावं एवढा. लोखंडी छत, सिमेंटची जमीन, खुर्च्याच खुर्च्या. मागच्या भिंतीला जिन्याने वर आमच्या काचेच्या खोल्या, एका ओळीत बावीस. प्रत्येक दारावर भाषेचं नाव. "मराठी" वाचून उगाच छाती फुगली. आत एक टेबल, हेडफोन, माइक, तांबडा दिवा आणि एक बटण. तंत्रज्ञाने सांगितलं, हे खोकल्याचं बटण. दाबून धरलं की तुमचा आवाज जात नाही. खोका, पाणी प्या, शिव्या द्या, काहीही करा, सोडलं की पुन्हा चालू.

सासूबाई खाली चौदाव्या भागात, कडेच्या खुर्चीवर. पांढरी साडी, कानात यंत्र. चाचणीच्या वेळी मी म्हटलं, "आई, ऐकू येतंय का?" त्यांनी वळून वर बघत हात केला. मग लक्षात आलं की बाकीच्या सात जणांनीही हात केलाय.

सुरुवातीला गाणी. नऊ हजार माणसं एकदम उभी राहून गायला लागली की काच थरथरते. गाण्यांचं भाषांतर नव्हतं, मी नुसतं पाहत होते. सासूबाई त्यांच्या मराठीत गात होत्या. चाल तीच असावी, त्या कुठे अडल्या नाहीत. मी पहिल्यांदाच आत होते. चौदा महिने बाहेर गाडीत बसून मला वाटायचं, आत काय असेल कोण जाणे. आत माणसं होती. कोणाची मुलं रडत होती, कोणी डुलक्या काढत होतं.

पापांगीकार छान झाला. प्रार्थना सांगणाऱ्या पाळकाने डोळे मिटले, मी 'आम्ही' म्हटलं. उघडले, 'आपण'. सासूबाई खालून मान डोलवत होत्या.

घोळ झाला दुपारी. मुख्य वक्ता उभा राहिला तो जाड भिंगांचा चष्मा लावून. समोरचे दिवे भिंगांवर पडलेले, पडद्यावर त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन पांढरे गोल. डोळे मिटलेत की उघडे, काही म्हणजे काही कळेना! तरी कागद हातात होता म्हणून दोन पानं निभावलं. तिसऱ्या पानावर त्याने स्वतःचा कागद खाली ठेवला. म्हणाला, इथे अशी माणसं आहेत ज्यांनी आपलं माणूस पुरलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. मग 'वी' सुरू झालं. वी उठतो. वी कामाला जातो. वी त्याबद्दल बोलत नाही.

कोण वी? देवाला सांगतोय की लोकांना? 'आम्ही' की 'आपण'? मी खोकल्याचं बटण दाबलं. खोकला आला नव्हता. तो बोलत होता आणि माझ्याकडून काही जात नव्हतं. खाली सासूबाईंनी कानातलं यंत्र चाचपलं, त्यांना वाटलं बिघडलं. मग वळून वर माझ्याकडे पाहिलं. आणि तसंच, मान वर करून, त्यांनी डोळे मिटले.

मी म्हटलं, चला, ह्याचे नाही तर ह्यांचे. डोळे मिटलेत, म्हणजे 'आम्ही'. बटण सोडलं आणि बोलत गेले. काय बोलले ते नीट आठवत नाही. तो जे म्हणाला तेच म्हटलं असणार. तांबडा दिवा विझला तेव्हा पाण्याची बाटली रिकामी होती आणि ओढणी ओली.

यंत्रं परत करायच्या टेबलापाशी एक टोपीवाले काका भेटले. आमच्या आठांपैकी. "बाई, फार सुंदर सांगितलंत. पण एक शंका आहे. मला इंग्रजी थोडं कळतं. मधेच ते 'आम्ही दोघी' कुठून आलं?"

मी म्हटलं, "मी असं काही म्हटलं नाही."

"म्हणालात की! आम्ही दोघी एका घरात राहतो, एक नळ सोडून रडते आणि एक गाडीच्या काचा वर करून. मी एका कानाने त्यांचं ऐकत होतो. ते गृहस्थ नळाचं काही बोलले नाहीत."

सासूबाई माझ्या बाजूलाच उभ्या. त्यांनी यंत्राची वायर नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि काकांना म्हणाल्या, "भाषांतर आहे. थोडं इकडचं तिकडे व्हायचंच."

मी असं म्हटलेलं मला खरंच आठवत नाही. पण काका ते मनाने रचून सांगतील असंही नाही.

२२ मार्च, रविवार

उपासनेला सोडलं. उतरता उतरता सासूबाई म्हणाल्या, "आत येऊन बस. गाडीत ऊन लागतं."

आज आभाळ होतं. तरी गेले. शेवटच्या बाकावर बसले. कोणी काही विचारलं नाही. मी हात जोडले नाहीत की गायले नाही, नुसती बसले. समोरच्या बाकावर त्याच्या उंचीचा कोणी माणूस होता. मी त्याच्या पाठीकडे बघून पोटभर रडून घेतलं, उन्हाचं नाव न सांगता. सासूबाईंनी मागे वळून रुमाल दिला. बाबूच्या रुमालांतला, कडेला रेघ असलेला. मला वाटत होतं ते रुमाल मी सगळे देऊन टाकले.

२५ मार्च, बुधवार

ट्रेची मोजणी आज दोनदा चुकली. जोडीदारीण म्हणाली, तुझं लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, शनिवारी. तीन दिवस उरलेत आणि बॅगेत फक्त पावडरचा डबा आहे. मी काही विचारत नाही. विचारलं आणि "हो, जायचंय" म्हणाल्या तर? आज पहिल्यांदा हे लिहितेय: जाऊ नयेत असं मला वाटतं. पण त्यांच्या मुलीने बोलावलंय, मी कोण अडवणारी?

संध्याकाळी साडेसातला जेवायला बसलो. सासूबाईंनी प्रार्थना केली, मी त्यांचं "आमेन" होईपर्यंत वाढायची थांबले. फोन वाजला. ताई. सासूबाईंना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"आई, बॅग भरून झाली का? वजन करून बघ."

"आम्ही जेवतोय."

"बरं, पटकन सांग. जाड कपडे आणू नकोस—"

"ते तिकीट परत कर. आम्ही इथेच राहतो."

माझ्या हातात डाव होता, तो तसाच राहिला.

"अगं, आम्ही म्हणजे कोण?" ताई म्हणाल्या.

"आम्ही म्हणजे आम्ही दोघी. तू त्यात येत नाहीस. रागावू नकोस, शब्दच तसा आहे."

मग ताई हळूच म्हणाल्या, "वहिनीला विचारलंस का? तिची इच्छा नको का?"

"वर्षाचा पास काढलाय तिने माझा," सासूबाई म्हणाल्या. "फ्रिजवर लावलाय." मग माझ्याकडे वळल्या. चष्मा खाली करून, कागद तपासताना बघायच्या तशा. "काय गं, बरोबर वापरला ना शब्द?"

स्वयंपाकघरात खोकल्याचं बटण नसतं. ताई फोनवर "हॅलो, हॅलो" करत होत्या. सासूबाई उत्तराची वाट बघत होत्या, आणि त्यांची हनुवटी थरथरत होती हे मला तेव्हा दिसलं.

"बरोबर," मी म्हटलं.

सासूबाईंनी ताटातला बटाटा उचलून बघितला. मी आज साल काढायची विसरले होते. त्यांनी तो तसाच खाल्ला. मग आम्ही रडलो, दोघी, तिथेच, ताटांसमोर. नळ बंद होता.